हँडब्रेक अकराव्या कटवर येतोय. लायनर घरी ॲडजस्ट करता येतात का?

रॅम्पवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, १,०४,००० किमी झालेली, मागे ड्रम ब्रेक. सोसायटीचं पार्किंग तळघरात आणि वर यायचा रॅम्प असा की घसरगुंडी परवडली. परवा सकाळी गेटवर वॉचमन नव्हता. हँडब्रेक ओढला, गेट उघडायला उतरलो. चार पावलं गेलो असेन, मागून टायरखाली वाळू चिरडल्यासारखा आवाज आला. वळून बघतो तर गाडी निघाली खाली. पळत येऊन अर्धवट आत बसलो आणि पायाने ब्रेक मारला. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची स्कूटर दीड हातावर होती. आजोबा तिच्यावर बसलेले होते.

पूर्वी पाच-सहा कटमध्ये (दांडी ओढताना 'कट्-कट्' वाजतं ते) हँडब्रेक घट्ट बसायचा. आता दहा-अकरा, दांडी जवळजवळ उभी. चार महिन्यांपूर्वी सर्व्हिसला सांगितलं तर केबल टाइट करून दिली. महिना-दीड महिना बरं चाललं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे घरी करता येईल का? माझ्याकडे जॅक आहे, पान्यांचा सेट आहे आणि रविवार आहे. सासरेबुवांचं मत असं की माणसाने दुचाकीची चेन जरूर साफ करावी, पण ब्रेकला हात लावू नये.

पेठकर
सासऱ्यांचं ऐका. धागा संपला.

टिंबटिंब
गाडी गिअरमध्ये का नव्हती?

रॅम्पवाला
@टिंबटिंब, इंजिन चालू होतं हो. गिअरमध्ये कशी ठेवणार?

टिंबटिंब
बंद करायचं इंजिन. उताराला गाडी सोडून उतरायचं तर चावी खिशात, गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हँडब्रेक त्याच्या जोडीला. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी हे पाठीत धपाटा घालून शिकवलंय.

वंगण
"केबल टाइट करून दिली" इथेच सगळा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रमच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेले. आपण पायाने ब्रेक मारतो तेव्हा वरचा व्हील सिलिंडर दोघांना बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढतो तेव्हा केबल मागच्या शूवरची एक छोटी पट्टी खेचते आणि तेच दोन शू ड्रमला जाऊन भिडतात. दोन वाटा, पण काम करणारे गडी तेच.

आता लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला दोन शूंच्या मध्ये आडवा ॲडजस्टर असतो, बऱ्याच गाड्यांत त्यावर दातेरी चाक असतं. ते आपोआप एकेक दात पुढे सरकत राहावं अशी रचना आहे. धूळ आणि गंज बसून ते जाम झालं की अंतर वाढतच जातं, दांडी वर येत जाते.

अशा वेळी केबल ओढून दांडी खाली आणणं म्हणजे पँट सैल झाली म्हणून शर्ट आत खोचणं. बरं, नुसता उपयोग नाही असं नाही, नुकसानही आहे. केबल ताणलेली राहिली की ती आतली पट्टी आपल्या मूळ जागेवर परत जात नाही, अर्धवट ओढलेलीच राहते. मग ज्या ॲडजस्टरला दात खायला हवा, त्याला तशी फटच मिळत नाही. जो थोडाफार चालत होता तोही थांबतो.

म्हणून क्रम उलटा. आधी केबल पूर्ण सैल सोडायची (बहुतेक छोट्या गाड्यांत दोन सीटांच्या मधलं प्लॅस्टिक काढलं की नट दिसतो). मग ड्रम काढून शू साफ करून ॲडजस्टर बाहेर फिरवायचा. ड्रम बसवून पायाचा ब्रेक दहा-बारा वेळा मारायचा, म्हणजे शू मध्यावर बसतात. केबलचा नट सगळ्यात शेवटी.

धागाकर्ते, एक सांगा, ब्रेकचं पॅडल पूर्वीपेक्षा खोल जातंय का?

रॅम्पवाला
@वंगण, तुम्ही विचारल्यावर जाऊन बघितलं. हो, जातंय. मला वाटलं माझा बूट बदलला म्हणून.

पेठकर
बूट बदलला म्हणून :D :D

संत्रानगरी
किती कट असावेत याचं काही गणित आहे का? माझ्या गाडीत सात होतात आणि नवरा म्हणतो ठीक आहे. तो सगळ्यालाच ठीक आहे म्हणतो, म्हणून इथे विचारतेय.

वंगण
@संत्रानगरी, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच खरा. छोट्या गाड्यांत साधारण चार ते सात-आठ दिसतो. पण तो ठराविक जोराने ओढल्यावरचा, पुष्कळ पुस्तकांत वीस किलोची ओढ लिहिलेली असते. दोन हातांनी लोंबकळून मोजू नये. यावेळी नवरा बरोबर आहे.

संत्रानगरी
स्क्रीनशॉट काढला नाही मी याचा. त्याला दाखवणार नाही.

डेपोतले_काका
मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो, त्यामुळे चार शब्द बोलतो. वंगण यांनी क्रम सांगितला तो बरोबर आहे. माझा मुद्दा त्याच्या आधीचा.

हे काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, नाहीतर ड्रम निघणारच नाही. म्हणजे मागची बाजू जॅकवर आणि गाडीला धरून ठेवणारं काही नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी गुटके लावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये. जॅकने उचलायची, पण ठेवायची घोडीवर (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड). गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. आणि घोडीऐवजी विटा लावू नका. वीट वाकत नाही, सूचना देत नाही, एकदम फुटते.

जमीन सपाट हवी. तुमच्या त्या रॅम्पवर हे करायला बसाल तर सासरे बरोबर ठरतील.

आणि एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठली कुठे हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला बघता येतं.

चिपळूणचा_बाब्या
आमच्याकडे उलटा त्रास. जुलैत आठ दिवस मुंबईला गेलो, गाडी अंगणात हँडब्रेक ओढून उभी. परत आलो, स्टार्टर मारला, क्लच सोडला, गाडी ढिम्म. मागचं उजवं चाक फिरायलाच तयार नाही. गंजाने लायनर ड्रमला धरलेला. जोर देऊन रेस केली तर मागून धाड्‌कन आवाज आला, वाटलं ॲक्सल गेला. सुटलं होतं, पण नंतर ड्रम उघडला तर लायनरचा अर्धा तुकडा शूपासून सुटून आत पडलेला.

तेव्हापासून पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी करायची असली की हँडब्रेक ओढत नाही. गिअर आणि चाकाला चिरा. जांभा चिऱ्याला आमच्याकडे तोटा नाही.

डेपोतले_काका
@चिपळूणचा_बाब्या, अडकलेल्या चाकाला रेस मारायची नाही. चाक काढून ड्रमच्या कडेला लाकूड ठेवून त्यावर हातोडीने गोल गोल ठोकायचं. पाच मिनिटांत सोडतो.

घाटवाट
चिऱ्यावरून आठवलं. घाटात ट्रक बंद पडला की किन्नर (म्हणजे ट्रकचा क्लीनर) उतरून चाकाला धोंडा लावतो, तिथवर ठीक. ट्रक निघून जातो आणि धोंडा मात्र भर रस्त्यात तसाच. रात्री आंबा घाटात अशा एका धोंड्याने माझा ऑइल चेंबर फोडला होता. त्या किन्नराला माझे शतशः प्रणाम.

टिंबटिंब
@घाटवाट, +१. धोंडा लावणाऱ्यानेच तो उचलावा असा घाटात फलक हवा.

बटणवाला
एवढा खटाटोप? आमच्या गाडीत हँडब्रेकला बटण आहे. दाबलं की लागतो, निघालो की आपोआप सुटतो.

वंगण
@बटणवाला, मागचे पॅड बदलायची वेळ आली की इथे धागा काढा. मोटर सर्व्हिस मोडमध्ये न नेता पिस्टन आत दाबायला गेलात की बटणासकट सगळं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) नवीन.

लीड्सकर
इकडे इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी. त्यात चाकं रोलरवर ठेवून हँडब्रेक मोजतात, हल्लीच्या गाड्यांना किमान १६ टक्के क्षमता लागते. माझी मागच्या वर्षी नापास झाली.

माझ्या गाडीला मागे डिस्क आहेत, आणि डिस्कच्या मधल्या टोपीत हँडब्रेकसाठी वेगळे छोटे शू. मला वाटायचं हे शू फक्त उभ्या गाडीला धरतात, झिजतील कशाला? झिजले नव्हतेच. गंजले होते. चालत्या गाडीत ते कधी घासलेच जात नाहीत, त्यामुळे ड्रमच्या आतला गंज साफ होत नाही. लायनर साबूदाण्याच्या पापडासारखे सोलून हातात आले.

त्यात ॲडजस्ट करायला डिस्कला एक भोक असतं. चाक काढून भोक दातेरी चाकासमोर आणायचं, स्क्रूड्रायव्हरने डिस्क जाम होईपर्यंत दात फिरवायचे, मग पुस्तकात सांगितलेत तेवढे दात मागे. मागे चार डिस्क असलेल्यांनी हे विसरू नये.

पेठकर
मागे चार डिस्क? ट्रक आहे का?

लीड्सकर
चारही चाकांना डिस्क, असं वाचावे. :(

किरकिऱ्या
वर केबल टाइट करून देणाऱ्यांचा विषय निघालाच आहे. माझ्या बिलात दर सर्व्हिसला 'मागील ब्रेक साफसफाई व ॲडजस्टमेंट' अशी ओळ असायची, ६०० रुपये. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. एकदा संशय आला म्हणून बायकोची लाल नेलपेंट घेतली आणि चाक काढून ड्रमच्या मधल्या भोकाला आणि आतल्या हबला मिळून एक बारीक रेघ ओढली. ड्रम जागचा हलला तर रेघ मोडणार.

गाडी धुऊन-पुसून परत आली. बिलात ६०० रुपये. घरी येऊन चाक काढलं. रेघ शाबूत, नवऱ्या मुलीच्या भांगासारखी सरळ.

संत्रानगरी
हे फार भारी आहे. नेलपेंटचा रंग सांगा, लगेच घेते.

सगळं_माहीत
इतकं काही करायची गरज नाही. मोकळ्या मैदानात रिव्हर्स घेत चार-पाच वेळा करकचून ब्रेक मारा, ॲडजस्टर आपोआप सेट होतो. माझ्या मामांच्या अमेरिकेतल्या गाडीला आम्ही असंच करायचो.

वंगण
@सगळं_माहीत, मामांच्या गाडीला चालत असेल. तिकडच्या बऱ्याच जुन्या मोठ्या गाड्यांत ॲडजस्टर रिव्हर्समधल्या ब्रेकवरच चालायचा, तशी रचनाच असते. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तो बहुधा पायाच्या ब्रेकवर किंवा काहींत हँडब्रेक ओढण्यावर चालतो. आणि जाम झालेला ॲडजस्टर पुढे-मागे कशानेच सुटत नाही.

सगळं_माहीत
मी फक्त अनुभव सांगितला. हलके घ्या.

रॅम्पवाला
रविवार दुपार, ताजी खबर. घोडी भाड्याने आणली (मिळतात हे माहीत नव्हतं). चाक निघालं. ड्रम निघत नाही. दीड तास झाला. सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसलेत.

डेपोतले_काका
ड्रम घासून घासून आत खळगा पडतो आणि कडेला काठ तयार होतो. शू त्या काठाला अडतात. ओढू नका. मागच्या प्लेटवर रबरी बूच असेल, ते काढून स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्या. ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतील, त्यांत एम ८ चे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. ड्रम स्वतःहून बाहेर येईल.

काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तिथे मधला मोठा नट काढावा लागतो आणि बसवताना ठराविक टॉर्कने आवळावा लागतो. तशी असेल तर थांबा आणि इथे सांगा.

रॅम्पवाला
भोकं सापडली! गंज आणि मळाने बुजली होती. बोल्ट आवळले आणि 'टण्ण' असा आवाज होऊन ड्रम सुटला. सासरे उभे राहिले.

आत चहापूड सांडल्यासारखी काळी धूळ. कंप्रेसरची हवा मारू का? शेजाऱ्याकडे आहे.

वंगण
अजिबात नको! ती धूळ छातीत जाते. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचा आणि आपल्याकडे त्यावर अजूनही सरसकट बंदी नाही, त्यामुळे तुमच्या लायनरात काय आहे ते सांगता येत नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या चिंधीने पुसा आणि चिंधी पिशवीत बांधून टाका.

चिपळूणचा_बाब्या
आणि ड्रम उघडा असताना कुणालाही ब्रेकचं पॅडल दाबू देऊ नका! मी बायकोला "जरा ब्रेक दाब गं" म्हणालो होतो, दिवा पेटतो का ते बघायला. सिलिंडरचा पिस्टन सटकून भिंतीवर. ब्रेक ऑइल माझ्या शर्टावर. तिने मनापासून दाबला होता.

रॅम्पवाला
उजवी बाजू झाली. ॲडजस्टर खरंच दगड झाला होता, दातेरी चाक बोटांनी फिरतच नव्हतं. सोडवून, तारेच्या ब्रशने घासून, आट्यांना किंचित ग्रीस लावलं. आता अंगठ्याने फिरतो. लायनर दीड-दोन मिलिमीटर शिल्लक आहेत. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, सँडपेपर मारून मॅट केला. ड्रम घालून फिरवला तर एका जागी हलकं खरखरतोय. एवढं चालेल ना?

वंगण
हलकं घासत असेल तर उत्तम, हाताने सहज फिरायला हवं. शू ज्या उंचवट्यांवर टेकतात तिथे ग्रीस लावलंत का? फक्त उष्णता सोसणारं, तेही नखावर मावेल एवढंच. साधं चेसिस ग्रीस तापलं की वितळून लायनरवर उतरतं.

आणि डाव्या बाजूचा ॲडजस्टर उजवीकडे घालू नका. एकाचे आटे सुलटे, दुसऱ्याचे उलटे असतात. अदलाबदल झाली की आपोआप घट्ट व्हायच्या जागी आपोआप सैल होतो.

रॅम्पवाला
डावी बाजू उघडली आणि हात थांबला. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने उचलली, तर आतून ब्रेक ऑइलचे थेंब ओघळले. खालच्या बाजूचा लायनर काळाकुट्ट, हाताला बुळबुळीत. आता?

डेपोतले_काका
आता तुमचं काम संपलं. सिलिंडर गळतोय. तो लायनर धुऊन, भाजून, कशानेही सुधारत नाही, ऑइल पिऊन बसलाय. सिलिंडर नवीन, लायनर दोन्ही बाजूंचे नवीन, कारण एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. मग लाइनची हवा काढावी लागेल. हवा काढण्याचा अनुभव नसेल तर मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी चालवत नेऊ नका.

हँडब्रेक सैल होता हे बरं झालं म्हणा. त्या निमित्ताने ड्रम उघडला गेला.

पेठकर
सासरे काय म्हणाले?

रॅम्पवाला
@पेठकर, काही नाही. चहा घेऊन खाली आले आणि टॉर्च धरून उभे राहिले. ते जास्त लागलं.

किरकिऱ्या
खर्च किती आला ते लिहा, पुढच्याला उपयोग होईल. आणि बिलावर 'मागील ब्रेक साफसफाई' लिहिलंय का तेही.

रॅम्पवाला
मंगळवार. ओळखीचे एक मेकॅनिक घरी आले. दोन्ही बाजूंचे लायनर ९५०, डावा सिलिंडर ६५०, ब्रेक ऑइल २८०, मजुरी ८००. बिल नाही, चिठ्ठी आहे, त्यावर फक्त 'ब्रेक' लिहिलंय. डब्यावर ॲस्बेस्टॉस फ्री लिहिलेले लायनर बघून घेतले. उजवा ॲडजस्टर मी साफ केलेला त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितला आणि काही न बोलता तसाच बसवला. मला सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं.

वंगण यांनी सांगितलेल्या क्रमानेच करून घेतलं, केबल शेवटी. ते आधी केबल आवळायला निघाले होते, मी हळूच म्हटलं की पॅडल मारून घेऊ का आधी. आता सहाव्या कटला घट्ट, पहिल्या कटला लाल दिवा लागतो. पॅडल वर आलं. पाच किमी चक्कर मारून आलो आणि दोन्ही मागच्या रिमना हात लावून बघितला, दोन्ही सारखेच कोमट.

रॅम्पवर चाचणी घेतली. गाडी हलली नाही. आजोबा स्कूटर काढून आधीच बाजूला उभे होते.

वंगण
मस्त. नवीन लायनर ड्रमवर नीट बसायला दोन-चारशे किमी लागतील, तोवर ब्रेक बेताने. महिन्याने कट पुन्हा मोजा, एखादा वाढला असेल तर घाबरू नका.

संत्रानगरी
धागा साठवून ठेवला. स्प्रिंग कुठली कुठे जाते याचे फोटो काढलेत का? पुढच्या रविवारी माझा नंबर.

रॅम्पवाला
@संत्रानगरी, काढलेत, उद्या चढवतो. आज टाइप करणंही अवघड आहे. वरची लांब स्प्रिंग पकडीतून निसटली आणि अंगठ्याचं नख गेलं. हातमोजे घाला हे इतक्या प्रतिसादांत एकानेही लिहिलं नाही.

डेपोतले_काका
आम्ही कधी घातलेच नाहीत.